साडेसात शिलिंगांची राजकन्या

दुसऱ्या महायुद्धात बकिंगहॅम पॅलेसमधल्या बाथटबांना आतून एक रेघ मारलेली होती. बुडापासून पाच इंचांवर. त्या रेघेच्या वर गरम पाणी घ्यायचं नाही, कारण पाणी तापवायला इंधन लागतं आणि इंधन कारखान्यांना हवंय, आणि देशातल्या सगळ्या घरांना हेच सांगितलेलं असल्यामुळे राजाच्या घरालाही तेच. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे मुक्कामाला होत्या, त्यांनी ती रेघ बघितली आणि लिहूनही ठेवली. खोली अवाढव्य, ऊब जेमतेम, बॉम्बने काचा उडालेल्या खिडक्यांची कशीबशी डागडुजी केलेली, आणि जेवायला बसलं की ताटं सोन्याचांदीची आणि त्यात पदार्थ मात्र कुठल्याही लंडनकराच्या घरी मिळाले असते तेच.

हे वाचल्यावर माझ्या मनात आधी आलं वा, आणि लगेच दुसऱ्या क्षणाला आलं की सोन्याच्या ताटात रेशनचं खायला काय जातंय बाई. आपण मराठी माणसं, राजघराण्यांच्या साधेपणाच्या गोष्टी ऐकल्या की पहिली शंका काढणार. आणि शंका रास्तच आहे. त्यांच्या स्वतःच्या इस्टेटी होत्या, ससे आणि हरणं आणि फेझंट यांना रेशन नव्हतं, शिकार केली की पानात मांस. बाहेरच्या बाईला आठवड्याला दोन औंस चहा आणि एखादं अंडं, तेही दुकानात आलं तर. (दोन औंस म्हणजे साधारण ५७ ग्रॅम, आमच्याकडे तेवढी पावडर पाहुणे आले की एका संध्याकाळी संपते.) आणि पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, इकडे मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि तिकडे बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, ती याच राजाची प्रजा होती आणि त्यांच्यासाठी कुणी कुठेही रेघ मारली नाही. हे आधीच बोलून टाकते, कारण यापुढे मी त्या घरातल्या मोठ्या मुलीबद्दल बऱ्यापैकी मायेनं लिहिणार आहे आणि मग कुणी म्हणायला नको की ही भाळली.

तर ती मुलगी. एलिझाबेथ, राजे सहावे जॉर्ज यांची थोरली, पुढे स्वतः राणी झालेली दुसरी एलिझाबेथ, घरात लिलिबेट. युद्ध जाहीर झालं ३ सप्टेंबर १९३९ ला, तेव्हा ती तेरा वर्षांची, धाकटी मार्गारेट नऊ. संपलं तेव्हा एकोणीस. म्हणजे आपण ज्याला वयात येणं म्हणतो तो सगळा काळ, फ्रॉकपासून नोकरीच्या वयापर्यंतचा, ब्लॅकआऊटमध्ये गेला. सुरुवातीला दोघी बहिणी स्कॉटलंडमध्ये होत्या, मग थोडा काळ इकडे तिकडे, आणि मे १९४० मध्ये त्यांना विंडसरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. मार्गारेट पुढे सांगायची की आम्ही वीकेंडपुरतं सामान भरलं होतं आणि पाच वर्षं राहिलो. लोकांना सांगितलं जायचं की राजकन्या ‘गावाकडच्या एका घरात’ आहेत. गावाकडचं घर म्हणे! हजार वर्षं जुना किल्ला, पण पत्ता सांगायचा नाही एवढाच मुद्दा.

किल्ल्यातली झुंबरं उतरवली, काचेची कपाटं भिंतीकडे तोंड करून ठेवली, खोल्यांतून कमी उजेडाचे बल्ब आले. खिडक्या इतक्या की तिथली नोकरमाणसं म्हणायची, सगळ्या खिडक्यांना काळे पडदे लावून होईपर्यंत उजाडतं. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की तळघरात. पहिल्यांदा भोंगा वाजला त्या रात्री शिक्षिका मॅरियन क्रॉफर्ड तळघरात पोचलेली आणि मुली आल्याच नाहीत, म्हणून ती धावत वर गेली तर आत मुलींची आया त्यांना नीट कपडे घालत होती, आणि आतून लिलिबेटचा आवाज आला की आम्ही कपडे करतोय, कपडे तर करायलाच हवेत ना. वर विमानं घोंघावतायत आणि खाली मोजे शोधणं चाललंय. हा किस्सा मला फार आवडतो, कारण त्यात शौर्य वगैरे अजिबात नाही, नाइटड्रेसवर लोकांसमोर जायचं नाही ही सवय मात्र हाडात गेलेली आहे.

त्याच किल्ल्यात, मुली झोपायच्या तिथून फार लांब नाही, राजमुकुटातली सगळ्यात मौल्यवान रत्नं काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून जमिनीखाली पुरलेली होती. बाथ ऑलिव्हर नावाची बिस्किटं. ही कल्पना राजवाड्याच्या ग्रंथपालाने, ओवेन मॉर्सहेड यांनी, अमलात आणली आणि जर्मन उतरलेच तर त्यांना मुकुट सापडला तरी खडे सापडू नयेत असा हिशोब. याचे तपशील २०१८ मध्ये टीव्हीवरच्या एका माहितीपटातून लोकांसमोर आले. दागिना डब्यात घालून पुरणं ही आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सुचली असती अशी आयडिया, पण इंग्रजांच्या राजालाही शेवटी तीच सुचली हे बघून बरं वाटतं.

आता १९४० च्या सप्टेंबरकडे येते, कारण त्या सुमारास तीन-चार गोष्टी एकमेकींना चिकटून घडल्या आणि त्या चिकटवून वाचल्याशिवाय पुढचं कळत नाही. मुलींना कॅनडाला पाठवा असं सांगणारी बडी मंडळी होती. श्रीमंतांची बरीच मुलं गेलीही. राणीने, म्हणजे यांच्या आईने, दिलेलं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: मुली माझ्याशिवाय जाणार नाहीत, मी राजाला सोडून जाणार नाही, आणि राजा देश सोडून कधीच जाणार नाही. १३ सप्टेंबरला पॅलेसच्या चौकात बॉम्ब पडले, राजा-राणी घरातच होते, प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त झालं, आणि राणी म्हणाली की बरं झालं आमच्यावरही पडले, आता ईस्ट एंडच्या लोकांच्या नजरेला नजर देता येईल. ईस्ट एंड म्हणजे लंडनची गोदीकामगारांची वस्ती, तिथे तेव्हा रोज रात्री घरं कोसळत होती. आणि मग चारच दिवसांनी, १७ सप्टेंबरच्या रात्री, अटलांटिक समुद्रात ‘सिटी ऑफ बनारस’ नावाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. नाव आपल्या काशीचं, बोटीवरचे कितीतरी खलाशी हिंदुस्थानी, आणि प्रवाशांत सरकारी योजनेतून कॅनडाला सुरक्षित जागी पाठवलेली ९० मुलं. त्यांतली ७७ गेली. त्यानंतर मुलांना समुद्रापार पाठवायची ती योजनाच बंद पडली.

म्हणजे बघा, कॅनडाला पाठवायचं नाही हा राणीचा निर्णय आज बाणेदार वाटतो, आणि आहेच, पण ज्यांनी विश्वासाने पोरं बोटीत बसवली त्यांच्याबद्दल विचार केला की त्या बाणेदार वाक्यावर टाळी वाजवताना हात अडखळतो.

आणि यानंतर महिना व्हायच्या आत, १३ ऑक्टोबर १९४० ला, चौदा वर्षांची एलिझाबेथ पहिल्यांदा रेडिओवर बोलली. बीबीसीचा मुलांचा कार्यक्रम, बोलणं विंडसरमधून, ऐकणारी मुलं देशातली आणि समुद्रापारची. युद्ध सुरू होताना शहरांतून पंधरा लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक मुलं आणि काही आया, खेड्यापाड्यांत हलवली होती. त्या मुलांना ती सांगते की आपल्या सगळ्यात जवळच्या माणसांपासून लांब राहणं म्हणजे काय हे मला आणि माझ्या बहिणीला अनुभवानं माहीत आहे. शेवटी मार्गारेटला बोलावते आणि दोघी गुड नाईट म्हणतात. रेकॉर्डिंग सहज सापडतं, ऐका. आवाज पातळ, तारस्वरात, प्रत्येक शब्द घोटून घेतलेला. मजकूर मोठ्यांनी लिहिलेला हे पहिल्या वाक्यातच कळतं. आणि अमेरिकेच्या लोकांचं मन वळवायचं हा हेतूही त्यात होता, हे काही कुणी लपवलेलं नाही. तरीपण मी दरवेळी ऐकताना मार्गारेटच्या त्या गुड नाईटपाशी जरा थांबते, दहा वर्षांची पोर, इतका वेळ शेजारी गप्प बसून वाट बघत होती की माझी पाळी कधी येते.

(घर सोडून लांब पाठवलेल्या मुलांची गोष्ट आपल्या दारातही घडलीय हे पुष्कळांना माहीत नसतं. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची वसाहत होती, बायका आणि मुलंच जास्त. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, कधीतरी लिहीन.)

आता माझा मुद्दा. या राजकन्येबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक ठरलेला सूर असतो की बिचारीचं बालपण युद्धानं किल्ल्यात कोंडलं. मला वाटतं उलट झालं. कोंडलेली ती आधीपासूनच होती. शाळेत कधी गेलीच नव्हती, शिकवायला बाई घरी, इतिहास आणि राज्यघटना शिकवायला ईटन कॉलेजचे हेन्री मार्टेन, मैत्रीण म्हणाल तर बहीण, बाकी सगळे एक तर नोकर नाहीतर नातेवाईक. शांततेचा काळ असता तर हे असंच चाललं असतं, एक दिवस सोळा-सतराव्या वर्षी पांढरा गाऊन घालून नाचाच्या पार्टीला उभी केली असती आणि संपलं. युद्धामुळे काय झालं की भिंतीच्या आत बाहेरची माणसं आली. यायला लागली, कारण त्यांची घरं पडली होती.

विंडसरला गर्ल गाइडचं पथक होतं त्यात लंडनच्या ईस्ट एंडमधून हलवलेल्या मुली दाखल झाल्या. आधी पथकात होत्या त्या दरबारातल्या लोकांच्या मुली, खेळात राजकन्येला जिंकू देणाऱ्या. या नव्या पोरींना असलं काही शिकवलेलं नव्हतं. त्या तिला सरळ लिलिबेट म्हणायच्या, जे नाव घरच्यांपलीकडे कुणी घेत नसे, आणि कॅम्पवर तेलकट भांडी घासायची पाळी आली की तिची पाळी तिलाच. क्रॉफर्डबाईंनी एक गोष्ट सांगितलीय ती मला जास्त खरी वाटते. तंबूत सगळ्यांबरोबर झोपायची वेळ आली की मार्गारेट खूश, आणि एलिझाबेथ काहीतरी सबब काढून सटकायची. इतकी वर्षं एकटी वाढलेली मुलगी, आता एकदम दहा पोरींसमोर कपडे बदलायचे आणि शेजारी झोपायचं, तिला ते जमेना. राजघराण्याच्या गोडगोड आठवणींत हे वाक्य कसं शिल्लक राहिलं कोण जाणे. बाई पुढे हे सगळं छापून बसल्या म्हणून राजघराण्यानं त्यांच्याशी संबंध कायमचा तोडला, तो वेगळाच तमाशा.

आणि मग पँटोमाइम. ख्रिसमसच्या सुमारास इंग्रज लोक परीकथेवर आधारलेलं एक धमाल नाटक करतात, गाणी, विनोद, पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं, मुलीने नायकाचं. १९४१ पासून विंडसरला दरवर्षी हे व्हायला लागलं. सिंड्रेला, मग स्लीपिंग ब्यूटी, मग अल्लादीन, आणि १९४४ ला ‘ओल्ड मदर रेड रायडिंग बूट्स’ नावाची एक खिचडी. लिहिणारे आणि बसवणारे विंडसर पार्कातल्या शाळेचे हेडमास्तर ह्युबर्ट टॅनर, कलाकार म्हणजे दोघी राजकन्या आणि शाळेतली गावची मुलं आणि लंडनहून आलेली मुलं. म्हणजे आपल्या शाळेच्या गॅदरिंगचाच मामला, फक्त स्टेज किल्ल्यातल्या दरबारी दालनात. तिकिटाचे पैसे सैनिकांसाठी लोकर घ्यायच्या फंडाला. तिकिटाचा दर ठरवताना सगळ्यात वरचा दर साडेसात शिलिंग ठेवायचं ठरलं तेव्हा एलिझाबेथ घाबरली, म्हणाली आपल्याला बघायला कोण देणार साडेसात शिलिंग. मार्गारेट म्हणाली, काहीतरीच, आपल्याला बघायला लोक वाट्टेल तेवढे देतील!

या दोन वाक्यांत दोघींची पुढची आयुष्यं दिसतात असं म्हणायचा मोह होतो, पण तो टाळते. मला त्यातली पहिलीची काळजीच आवडते. जिचं डोकं पुढे नाण्यांवर छापलं गेलं तिला आपला दर साडेसात शिलिंग जास्त वाटत होता.

ज्या दालनात ही नाटकं व्हायची त्याचं नाव वॉटर्लू चेंबर. नेपोलियनला हरवणाऱ्या राजे-सेनापतींची मोठमोठी तैलचित्रं तिथे टांगलेली असतात, ती युद्धात सुरक्षित जागी हलवली, मागे राहिल्या रिकाम्या सोनेरी चौकटी. मग क्लॉड व्हॉटम नावाच्या, तिथेच आश्रयाला आलेल्या आणि चित्रकला शिकणाऱ्या एका पोरानं कागदावर परीकथेतली पात्रं रंगवून त्या चौकटींत चिकटवली. राजे पाहुण्यांना ती दाखवून विचारायचे, कसे वाटले आमचे पूर्वज? युद्ध संपल्यावर तैलचित्रं परत आली आणि त्या कागदांवरच टांगली गेली, म्हणजे त्या सेनापतींच्या पाठीमागे पँटोमाइमची पात्रं कित्येक दशकं तशीच चिकटून होती. १९४३ च्या अल्लादीनला प्रेक्षकांत नौदलातून सुट्टीवर आलेला, पुढे तिचा नवरा झालेला फिलिप होता आणि स्टेजवर ही अल्लादीन झालेली, पण ती लव्हस्टोरी तुम्ही सगळ्यांनी वेबसिरीजमध्ये पाहून झालेली आहे, मी सोडून देते.

सोळाव्या वाढदिवसाला, एप्रिल १९४२ मध्ये, ती ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीची मानद कर्नल म्हणून पहिल्यांदा पाहणीला गेली. आणि तिला वाटलं पाहणी म्हणजे खरंच पाहणी! कुणाचं बटण, कुणाचा पट्टा, चुका काढून मोठ्या खणखणीत आवाजात सगळ्यांसमोर सांगायला लागली, इतकी की शेवटी एका अधिकाऱ्याने क्रॉफर्डबाईंना हळूच गाठून सुचवलं की चांगल्या अधिकाऱ्याने न्यायाला थोडी दयेची जोड द्यावी हे राजकन्येला समजावाल का. त्याच सुमारास बाकीच्या सोळा वर्षांच्या मुलींसारखी तिनेही विंडसरच्या लेबर एक्स्चेंजमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, नाव नोंदवलं, गाइडच्या युनिफॉर्ममध्ये, फोटोग्राफर हजर. नाव नोंदवलं पण बोलावणं काही आलं नाही. तिच्या वयाच्या पोरी बॉम्ब बनवायच्या कारखान्यांत, शेतांवर, इस्पितळांत जात होत्या, ही मात्र वडिलांकडे दोन वर्षं भुणभुण करत राहिली की मलाही जाऊ द्या. राजे नाही म्हणत राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये राजाचा सख्खा धाकटा भाऊ, ड्यूक ऑफ केंट, विमान अपघातात गेला, त्याचं धाकटं बाळ तेव्हा दोन महिन्यांचंही नव्हतं. त्या घरात त्यानंतर मोठ्या मुलीला सैन्यात पाठवायचा विषय कसा निघत असेल ते आपण समजू शकतो.

जुलै १९४४. राजे इटलीला सैन्याच्या भेटीला गेले. आदल्याच वर्षी कायदा बदलून ठेवला होता की वारस अठरा वर्षांचा झाला की राजाच्या गैरहजेरीत कामकाज बघणाऱ्या मंडळात बसू शकतो, त्यामुळे एलिझाबेथने पहिल्यांदाच राजाच्या वतीने कागदांवर सह्या केल्या. इंग्रजी लेखांत ही गोष्ट एका ओळीत येते आणि संपते. मी मात्र तिथे अडकले, कारण इटली म्हटलं की मला माणगाव आठवतं. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, घाडगे सोडून तुकडीतले सगळे एक तर मेले नाहीतर जखमी. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं, आणि मग दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. देह मिळाला नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे.

दोन आठवड्यांनी राजे त्याच इटलीत हिंदुस्थानी पलटणींसमोर उभे होते आणि कमल राम या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, स्वतःच्या हाताने लावत होते. घाडग्यांचा क्रॉस नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला, मरणोत्तर. आता होम फ्रंट म्हणतात तो, म्हणजे मागे घरी राहिलेल्यांची आघाडी, फक्त लंडनमध्ये नव्हता. पंचवीस लाख हिंदुस्थानी माणसं त्या युद्धात सैन्यात होती, म्हणजे तेवढी घरं इथे मागे होती, कोकणातली, साताऱ्याकडची, मनीऑर्डर आली म्हणजे माणूस आहे एवढंच कळणारी. त्या घरांतल्या अठरा वर्षांच्या मुलींचं कुणी रेडिओवर बोलणं घेतलं नाही, फोटो काढले नाहीत. विंडसरची मुलगी आणि पळसगावची मुलगी यांची तुलना करून काही सिद्ध होतं असं माझं म्हणणं नाही. फक्त ती सह्या करत होती ते आठवडे आणि पळसगावात ती बातमी आली असेल ते आठवडे एकच होते, आणि सही ज्या राजाच्या वतीने होती त्याच राजाच्या नावानं तो क्रॉस होता, एवढं मला कुठेतरी लिहायचं होतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये राजांनी शेवटी हो म्हटलं. महिलांच्या सैन्यदलात, एटीएसमध्ये, सेकंड सबाल्टर्न एलिझाबेथ विंडसर, नंबर २३०८७३. ड्रायव्हिंग आणि गाड्यांची दुरुस्ती. युद्ध तर संपत आलेलं, तीन महिन्यांवर शेवट, त्यामुळे हे सगळं कॅमेऱ्यासाठी होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. मुक्काम बरॅकमध्ये नाही, रोज रात्री विंडसरला परत. सुरुवातीला तर जेवायच्या सुट्टीत तिला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेऊन बसवायचे आणि बरोबरच्या पोरी लांबून बघायच्या. पण पोरी बघून बघून कंटाळल्या, हीही सैलावली, आणि मग एक राजकन्या आणि अकराएक कॉर्पोरल-सार्जंट पोरी एका वर्गात बसून इंजिनाचे भाग कुठे काय ते शिकायला लागल्या. एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली! फोटोत बघा, ओव्हरऑल घालून, हातात पाना, बॉनेट उघडं. नखांत ग्रीस गेलेलं तिला आवडायचं असं तेव्हाच्या मासिकांनीही लिहिलं. आईवडील बघायला आले तेव्हा राणी म्हणाली की काल रात्री जेवताना अख्खा वेळ स्पार्क प्लगवर बोलणं चाललं होतं. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे आणि तिला नवीन नोकरी लागलीय त्या घरातलं हे रात्रीचं जेवण आहे. पुढे तिने बोलूनही दाखवलं की आपल्या वयाच्या मुलींच्या तुलनेत आपण नेमक्या कुठे आहोत हे कळायची संधी तिला तेवढी एकदाच मिळाली. हे वाक्य मी वाचलं आणि माझा मुद्दा मला तिथे सापडला, नाहीतर मी हा लेख लिहिलाच नसता.

गाडी चालवणं तिनं पुढे सोडलं नाही. १९९८ मध्ये सौदीचे युवराज अब्दुल्ला बाल्मोरलला, तिच्या स्कॉटलंडमधल्या इस्टेटीवर, पाहुणे होते, इस्टेट बघायला चला म्हणून पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर राणी स्वतः चढली. त्यांच्या देशात तेव्हा बायकांना गाडी चालवायची बंदी. डोंगरातला अरुंद रस्ता, ही जोरात गाडी हाणतेय आणि तोंडानं गप्पा चालू, शेवटी युवराजांनी दुभाष्यामार्फत विनंती केली की कृपया समोर बघा. तिकडे राजदूत असलेल्या एका गृहस्थांनी सांगितलेला किस्सा आहे, थोडं तिखटमीठ असेलच.

८ मे १९४५. युरोपातलं युद्ध संपलं. दिवसभर बाल्कनीत उभं राहून झालं आणि रात्री दोघी बहिणींनी बाहेर जायची परवानगी मागितली. राजांनी दिली, आणि डायरीत लिहिलं की बिचाऱ्या पोरींनी अजून कसली मजाच केलेली नाही. सोळाएक जणांचा घोळका करून बाहेर पडल्या. एलिझाबेथ युनिफॉर्ममध्ये, ओळखतील म्हणून टोपी डोळ्यांवर ओढलेली, तर बरोबरचा ग्रेनेडियर अधिकारी अडून बसला की अव्यवस्थित गणवेशातल्या अधिकाऱ्याबरोबर मी दिसणार नाही! शेवटी टोपी सरळ करावी लागली. हे तिनेच चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, रेडिओवर हसत सांगितलं. अनोळखी माणसांच्या हातात हात अडकवून व्हाइटहॉलवरून चालत गेले, आणि मग आपल्याच घरासमोर उभं राहून राजा-राणी बाहेर या म्हणून ओरडले. त्यातही एक लबाडी, आत निरोप पाठवून ठेवला होता की आम्ही बाहेर उभ्या आहोत, म्हणजे आईबाबा बाल्कनीत नक्की येतील.

ती एकच रात्र होती असा समज आहे, पण तिच्या डायरीत दुसऱ्या रात्रीचीही नोंद आहे, परत गर्दीत, ट्रॅफल्गार स्क्वेअर, पिकॅडिली, मैलोन्‌मैल चाललो, आईबाबांना साडेबाराला बाल्कनीत पाहिलं, झोपायला तीन. आणि ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा पुन्हा. १५ ऑगस्टला रिट्झ हॉटेलातून नाचत-धावत पार झाल्या. (याच तारखेच्या दुसऱ्या वाढदिवसाचं निमित्त धरून माउंटबॅटननी आपल्या स्वातंत्र्याचा दिवस ठरवला, ते माउंटबॅटन फिलिपचे मामा, जग तसं लहानच होतं त्यांचं.) १६ ऑगस्टला पाऊस आला, गर्दी रोडावली, शहाणी माणसं घरी गेली. ही मंडळी मात्र पुन्हा निघालीच, रांग करून एकमेकांच्या कमरा धरून नाचत घरात शिरली, दोन वाजेपर्यंत गाणी म्हटली. तीनला झोप, असं लिहून पुढे तिनं उद्गारचिन्ह ठोकलंय.